बायवीकली, फोर्टनाइट आणि 'सिन्स टू इयर्स'

प्रश्न थोडक्यात असा: 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? फोर्टनाइटचे दिवस पंधरा धरायचे की चौदा? आणि 'फॉर', 'सिन्स', 'बाय', 'टिल' यांच्यापाशी वर्षानुवर्षं इंग्रजी वाचणाऱ्याचाही पाय का अडखळतो?

मी करारनामे, नियमावल्या आणि पाठ्यसाहित्य यांची भाषांतरं करतो आणि दुसऱ्यांनी केलेली तपासतो. कालावधीचे शब्द दिसायला सगळ्यात सोपे, पण तपासताना लाल खुणा सगळ्यात जास्त तिथेच पडतात. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी बायवीकली. उत्तर आहे: दोन्ही. टोलवाटोलवी वाटेल, पण कुठलाही चांगला इंग्रजी कोश उघडा, दोन्ही अर्थ एकाखाली एक छापलेले दिसतील. 'बायमंथली'चंही तसंच, महिन्यातून दोनदा किंवा दोन महिन्यांतून एकदा. मेरियम-वेब्स्टर कोश तर स्पष्टच सांगतो की हा घोळ कोशकारांना मिटवता येणार नाही, तेव्हा शब्द वापरायचाच असेल तर कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे मजकुरातून कळू द्या. माझं मत याहून कडक आहे. ज्या मजकुरावर तारखा, पैसे किंवा औषधाच्या मात्रा अवलंबून आहेत तिथे हे दोन शब्द वापरूच नयेत. 'ट्वाइस अ वीक' किंवा 'एव्हरी टू वीक्स' लिहावं. दोन अक्षरं जास्त जातील, भांडण वाचेल. मराठीत आपण 'आठवड्यातून दोनदा' आणि 'दर दोन आठवड्यांनी' असं म्हणतो तेव्हा ही अडचण येतच नाही. इंग्रजीतही तेवढंच करायचं.

'सेमी'ने सुरू होणारे शब्द मात्र निर्धास्त वापरा. सेमी म्हणजे अर्धा, म्हणून सेमीमंथली म्हणजे दर अर्ध्या महिन्याला, महिन्यातून दोनदा. याचा दुसरा अर्थ कोणी लावत नाही. अमेरिकेतल्या पगाराच्या हिशेबात हा फरक अगदी रोजचा आहे. तिथे बायवीकली पगार म्हणजे दर दोन आठवड्यांनी, ठरलेल्या वारी. वर्षाला 26 पगार होतात, एखाद्या वर्षी 27. सेमीमंथली पगार महिन्यातल्या ठरलेल्या दोन तारखांना, म्हणजे वर्षाला बरोबर 24. वार्षिक पगार 52,000 डॉलर असेल तर पहिल्या पद्धतीत एका वेळी 2,000 डॉलर येतील, दुसरीत 2,166 डॉलर 67 सेंट. वर्षाची रक्कम तीच, पण मासिक हप्त्यांची जुळवणी करणाऱ्याला दोन्ही पद्धती सारख्या नाहीत. नोकरीच्या पत्राचं भाषांतर करताना दोन्हींना 'पाक्षिक' म्हणून मोकळं होणाऱ्याने एकदा हा हिशेब मांडून पाहावा.

वर्षांच्या बाबतीत इंग्रजीने दोन वेगळे शब्द केले आहेत, फक्त ते कानाला जुळ्यांसारखे लागतात. बायॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा, बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. व्हेनिसचं 1895 मध्ये सुरू झालेलं कलाप्रदर्शन बिएन्नाले म्हणून ओळखलं जातं ते याच दोन वर्षांच्या अंतरामुळे. वनस्पतिशास्त्रात गाजर आणि कोबी बायेनियल: पहिल्या वर्षी पानं आणि मुळं, दुसऱ्या वर्षी फुलं आणि बी. पुढची मालिका सरळ आहे. ट्रायेनियल तीन वर्षांनी, क्विन्क्वेनियल पाच, डिसेनियल दहा, सेंटेनियल शंभर. शंभराच्या पुढे एक गमतीदार शब्द येतो, सेस्क्विसेंटेनियल. 'सेस्क्वि' म्हणजे दीडपट, म्हणून हा दीडशेवा. या सगळ्यांत लॅटिनमधला 'ॲन्नस', म्हणजे वर्ष, दडलेला आहे आणि त्यातला जोड 'एन' शब्दासोबत येतो. 'मिलेनियम'च्या स्पेलिंगमधला दुसरा 'एन' गाळायची चूक भल्याभल्यांची होते, ती एवढं लक्षात ठेवलं की टळते.

आता फोर्टनाइट. चौदा दिवस. पंधरा नाही.

हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'चौदा रात्री'चा आकसलेला उच्चार आहे. त्याचा एक धाकटा भाऊही होता, 'सेनाइट', सात रात्री, म्हणजे आठवडा. तो वापरातून गेला. शेक्सपिअर किंवा जेन ऑस्टेन वाचताना भेटला तर ओळख असावी एवढ्यापुरतं सांगितलं. रात्री मोजण्याची ही सवय जुनी आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. 98 च्या सुमारास जर्मेनिक टोळ्यांबद्दल लिहिताना नोंदवलं आहे की ही माणसं दिवसांऐवजी रात्रींचा हिशेब ठेवतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आपल्याकडच्या इंग्रजीत फोर्टनाइट रोजचा शब्द आहे. अमेरिकी माणूस तो बोलण्यात वापरत नाही, त्याच्यासाठी 'टू वीक्स'.

मग आपला पंधरवडा पंधराचा का? कारण मोजण्याची पद्धत वेगळी. सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोकं धरून मोजा, आठ भरतात. त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत पंधरा. आठवडा आणि पंधरवडा या शब्दांत आठ आणि पंधरा आहेत ते असे. फ्रेंच लोकही आठवड्याला सर्रास 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतात. हीच टोकं धरण्याची सवय वैद्यकात अजून टिकून आहे. मलेरियाच्या ज्या तापाला 'टर्शियन', म्हणजे तिसऱ्या दिवसाचा, म्हणतात तो 48 तासांनी उलटतो. 'क्वार्टन', चौथ्या दिवसाचा, 72 तासांनी. ताप आलेला दिवस पहिला धरला तरच हे जमतं. पंधरवड्याला तिथींच्या पक्षाचाही रंग आहे, त्यामुळे गप्पांमध्ये फोर्टनाइटला पंधरवडा म्हटल्याने काही बिघडत नाही. पण मुदतीच्या कलमात 'चौदा दिवस' किंवा 'दोन आठवडे' असंच लिहा. 'पंधरा दिवसांची नोटीस' लिहिलंत की तुम्ही एका पक्षाला एक दिवस फुकट दिलात.

ब्रिटिशांची आणखी एक लकब जाता जाता: 'फ्रायडे वीक' म्हणजे येत्या शुक्रवारनंतरचा शुक्रवार, आणि 'मंडे फोर्टनाइट' म्हणजे येत्या सोमवारनंतर दोन आठवड्यांनी येणारा सोमवार. 'नेक्स्ट फ्रायडे' मात्र सगळीकडेच निसरडा. बुधवारी कोणी 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणालं तर काहींना परवाचा शुक्रवार कळतो, काहींना त्यापुढचा. यावर नियम सांगणारे बरेच भेटतील, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. तारीख विचारून घ्या.

महिना हा शब्द साधा वाटतो, पण कायद्यात त्याने बरंच पाणी पाजलं आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात नुसता 'मंथ' म्हटला की चांद्रमास, म्हणजे 28 दिवस, धरत असत. तिथल्या कायद्यांच्या मजकुरासाठी ही समजूत 1850 मध्ये बदलली, करारांसाठी 1925 च्या मालमत्ता कायद्याने. आता कॅलेंडर मंथ. पण कॅलेंडर मंथ म्हटलं तरी शेवट कुठे होतो? 1981 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, 'डॉड्स विरुद्ध वॉकर' हा खटला आला. घरमालकाची नोटीस 30 सप्टेंबरची, भाडेकरूला अर्ज करायला चार महिन्यांची मुदत, आणि अर्ज पडला 31 जानेवारीला. भाडेकरूचं म्हणणं असं की सप्टेंबरचा शेवटचा दिवस, म्हणून जानेवारीचाही शेवटचा दिवस धरा. लॉर्ड्सनी ते मानलं नाही. ज्या तारखेला मुदत सुरू, त्याच आकड्याच्या तारखेला ती संपते, म्हणून 30 जानेवारी. अर्ज एका दिवसाने बाद. ज्या महिन्यात तो आकडाच नसेल, उदाहरणार्थ 31 ऑगस्टपासून सहा महिने, तिथे मुदत फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपते. म्हणून 'वन मंथ' आणि 'थर्टी डेज' हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत. मूळ मजकुरात महिना असेल तर महिना, दिवस असतील तर दिवस. भाषांतरकाराने इथे उदार व्हायचं कारण नाही.

इथवरचं सगळं कोशात सापडतं. खरी अडचण या शब्दांच्या मागेपुढे येणाऱ्या टिचभर शब्दांची आहे. आणि तिचं कारण आपल्या मराठीत आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो.

मराठीत 'पासून' एकच. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' यांत आपल्याला फरक जाणवत नाही. इंग्रजीला जाणवतो. सोमवार हा काळातला बिंदू आहे, त्याला 'सिन्स'. दोन वर्षं ही लांबी आहे, तिला 'फॉर'. शिवाय 'मी दोन वर्षांपासून इथे काम करतो' यातलं 'करतो' आपण वर्तमानकाळात ठेवतो आणि तसंच उचलून नेतो: 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.' एका वाक्यात दोन चुका. हवं ते असं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.' किंवा बिंदू द्या, 'सिन्स 2022'. नोकरीच्या अर्जात तर क्रियापदाच्या रूपावर बरंच ठरतं. 'आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स' वाचलं की समोरचा समजतो, सोडली नोकरी. 'हॅव वर्क्ड' म्हटलं तर अजून आहात. लांबी दोन्हीकडे दोन वर्षंच.

'पर्यंत'ची गोष्ट याहून महागाची. 'अर्ज शुक्रवारपर्यंत द्या' आणि 'कार्यालय शुक्रवारपर्यंत बंद आहे.' पहिल्या वाक्यात शुक्रवार ही शेवटची हद्द आहे, काम तिच्या अलीकडे कधीही एकदा व्हायचं: 'बाय फ्रायडे'. दुसऱ्यात एक स्थिती शुक्रवारपर्यंत चालू राहायची आहे: 'अंटिल' किंवा 'टिल फ्रायडे'. 'सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे' असं लिहिलंत तर इंग्रजी कानाला ते शुक्रवार येईपर्यंत अर्ज देतच राहा असं ऐकू येतं. ओळखायची खूण सोपी आहे. मराठी वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' बसत असेल तर बाय, नाहीतर टिल. दुसरा प्रश्न असा की 'क्लोज्ड अंटिल फ्रायडे' मध्ये शुक्रवार बंद धरायचा की उघडा? बहुतेक लोक शुक्रवारी उघडणार असंच समजतात, पण पैज लावू नये. अमेरिकी इंग्रजीत यावर छान सोय आहे, 'मंडे थ्रू फ्रायडे', यात शुक्रवार धरलाच. ब्रिटिश लिहितात 'मंडे टू फ्रायडे इन्क्लुसिव्ह'.

'पूर्वी'. 'दोन वर्षांपूर्वी' याचं सरळ 'बिफोर टू इयर्स' होतं आणि घात होतो, कारण इंग्रजीत त्याचा अर्थ 'दोन वर्षं पुरी होण्याआधी' असा लागतो. आजपासून मागे मोजायचं तर 'टू इयर्स अगो'. भूतकाळातल्या एखाद्या घटनेपासून मागे मोजायचं तर 'टू इयर्स अर्लियर' किंवा 'टू इयर्स बिफोर'. 'ती 2010 ला वारली, तो त्याच्या दोन वर्षं आधी' यात 'अगो' चालणार नाही, कारण अगोची खुंटी कायम आजच्या दिवसाला बांधलेली असते.

'नंतर'ही तसाच. आजपासून पुढे मोजताना इंग्रजी माणूस 'इन टू डेज' म्हणतो. आपण म्हणतो 'आफ्टर टू डेज'. कळतं सगळ्यांना, पण परकं वाटतं. भूतकाळातल्या घटनेपासून पुढे: 'टू डेज लेटर'. 'आफ्टर' शक्यतो घटनांना लावावा, म्हणजे 'आफ्टर द मीटिंग'. मात्र या 'इन'लाही एक गाठ आहे. 'द ब्रिज विल बी बिल्ट इन टू इयर्स' म्हणजे बांधायला दोन वर्षं लागणार की दोन वर्षांनी हात घालणार? इंग्रजी भाषकालाही वाक्याबाहेर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून 'विल टेक टू इयर्स' लिहा, किंवा 'टू इयर्स फ्रॉम नाऊ', किंवा कमाल मर्यादा सांगायची असेल तर 'विदिन टू इयर्स'.

इथे मराठी उलट आपल्या मदतीला येते, आणि शिकवताना मी हेच हत्यार वापरतो. तासभर, तासाभरात, तासाभराने. तीन रूपं, तीन अर्थ, आणि एकही मराठी माणूस त्यांची सरमिसळ करत नाही. 'तिने तासभर पुस्तक वाचलं' म्हणजे वाचत होती, संपलं की नाही माहीत नाही: 'फॉर ॲन अवर'. 'तिने तासाभरात पुस्तक वाचलं' म्हणजे संपवलं: 'इन ॲन अवर'. 'तिने तासाभराने पुस्तक वाचलं' म्हणजे तासानंतर हातात घेतलं: 'ॲन अवर लेटर'. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने 1957 मध्ये क्रियापदांच्या काळावर एक निबंध लिहिला. चालू राहणारी क्रिया आणि शेवटाला पोचणारी क्रिया असे प्रकार त्याने पाडले, ते इंग्रजीतल्या याच फॉर आणि इनच्या कसोटीवर. भाषाशास्त्राचे विद्यार्थी ते आजही शिकतात. आपल्याकडे तीच कसोटी प्रत्ययात बसलेली आहे. इंग्रजी वाक्य अडलं की मनाशी 'भर' म्हणून पाहा, 'भरात' म्हणून पाहा, 'भराने' म्हणून पाहा. जे बसेल त्याचा इंग्रजी जोडीदार घ्या.

'ड्यूरिंग' या रांगेत बसत नाही. तो 'कधी' या प्रश्नाला उत्तर देतो, 'किती वेळ' याला नाही. 'ड्यूरिंग द वॉर' बरोबर, 'ड्यूरिंग सिक्स वीक्स' चूक. लांबी सांगायची तर 'फॉर सिक्स वीक्स'.

आणखी एक जोडी विचारलेली नाही, पण सांगतोच. 'एव्हरी अदर डे' म्हणजे दिवसाआड. 'द अदर डे' म्हणजे आपलं सैलसर 'परवाच': 'परवाच भेटला होता' म्हणताना आपण काही दिवस मोजलेले नसतात, तसं. नेमका परवा सांगायचा तर इंग्रजीला 'द डे बिफोर यस्टर्डे' असा मोठा फेरा घ्यावा लागतो आणि पुढचा परवा 'द डे आफ्टर टुमॉरो'. आपला परवा दोन्हीकडे तोंड करून उभा आहे, तेव्हा बायवीकलीला हसताना थोडं जपूनच.

व्याकरणाच्या बारीक गोष्टी भराभर सांगतो. कालावधी विशेषण म्हणून नामाच्या आधी आला की एकवचन आणि मधे जोडरेघ: 'फाइव्ह-इयर प्लॅन', 'टेन-मिनिट वॉक'. इथे 'इयर्स' नको. नोटीस, पगार, रजा यांच्या आधी षष्ठीचं चिन्ह येतं: 'टू वीक्स नोटीस' लिहिताना वीक्सच्या 'एस'नंतर वर स्वल्पचिन्ह हवं, 'वन वीक्स' असेल तर ते 'एस'च्या आधी. उच्चारात फरक नाही, म्हणून लिहिताना ते सुटतं. संपूर्ण मुदत एक गठ्ठा मानली तर क्रियापद एकवचनी: 'टेन इयर्स इज अ लाँग टाइम.' दीड तासाला 'ॲन अवर अँड अ हाफ' म्हणा. 'वन अँड अ हाफ' म्हटलंत तर पुढे 'अवर्स', अनेकवचन. 'अ फ्यू डेज' म्हणजे चार-दोन दिवस, नुसतं 'फ्यू डेज' म्हणजे मोजून थोडेच, त्यात तक्रारीचा सूर. आणि 'लास्ट वीक' म्हणजे मागचा आठवडा, 'द लास्ट वीक' म्हणजे आजपासून मागचे सात दिवस. एका 'द'ने अहवालातली आकडेवारी बदलू शकते.

मोठ्या मुदतींकडे वळू. 'डिकेड' दोन तऱ्हांनी मोजतात आणि दोन्ही चालतात. 'द ट्वेंटी-ट्वेंटीज' म्हणजे 2020 ते 2029, आकड्यांवरून. 'अ डिकेड ऑफ वर्क' म्हणजे कुठूनही सुरू झालेली दहा वर्षं. शतकाचं मात्र काटेकोर पाहिलं तर 21 वं शतक 1 जानेवारी 2001 ला सुरू झालं, कारण इसवी सनात शून्य वर्ष नाही. इसवी सनपूर्व 1 नंतर थेट इसवी सन 1. फटाके जगाने वर्षभर आधीच उडवले. मला त्यात वावगं वाटत नाही, आकडा बदलताना पाहण्याची मजा वेगळीच. पण इतिहासाच्या लेखात 1900 हे वर्ष 19 व्या शतकातच टाका.

'स्कोअर' म्हणजे वीस. लिंकनने 19 नोव्हेंबर 1863 ला गेटिसबर्गला भाषण सुरू केलं ते 'फोर स्कोअर अँड सेव्हन इयर्स अगो' या शब्दांनी. चार विसा ऐंशी आणि वर सात, सत्त्याऐंशी. वजा केले की 1776, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. बायबलच्या इंग्रजी भाषांतरात माणसाचं आयुष्य 'थ्री स्कोअर अँड टेन', म्हणजे सत्तर, सांगितलं आहे; लिंकनच्या श्रोत्यांच्या कानात तो ठेका मुरलेला होता. आज कोणी असं मोजत नाही. 'स्कोअर्स ऑफ पीपल' एवढाच अवशेष उरला आहे, आणि त्याचा अर्थ नुसता पुष्कळ.

ज्युबिलीत सिल्व्हर 25 आणि गोल्डन 50, इथवर एकमत आहे. डायमंड मात्र राजघराण्यात 60 ची (राणी व्हिक्टोरियाची 1897 मध्ये झाली), तर अनेक संस्था 75 व्या वर्षाला तेच नाव देतात. राणी एलिझाबेथ दुसरीची प्लॅटिनम 2022 मध्ये झाली, ती 70 ची. भाषांतरात बाजूला आकडा लिहून टाका. 'ॲनिव्हर्सरी'तही तोच वर्षवाचक ॲन्नस आहे, त्यामुळे 'वन-इयर ॲनिव्हर्सरी' म्हणजे पिवळा पीतांबर. 'सिक्स-मंथ ॲनिव्हर्सरी'ला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. वापरतात मात्र धडाक्याने, आणि आता त्यांना अडवून उपयोग नाही. पहिल्याच कार्यक्रमाला 'फर्स्ट ॲन्युअल' म्हणू नये, असं असोसिएटेड प्रेसची शैलीपुस्तिका सांगते. दोन वर्षं लागोपाठ झाल्याशिवाय तो वार्षिक कसा? हे मला पटतं.

सैल शब्दांमध्ये माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती 'टर्म' आणि 'टेन्युअर'मध्ये. टर्म ही आधी ठरलेली मुदत: अमेरिकी राष्ट्राध्यक्षाची चार वर्षांची. टेन्युअर म्हणजे प्रत्यक्षात पद सांभाळलं तो काळ, मग तो टर्मपेक्षा कमी असो की दोन टर्मचा मिळून. दोन्हींना मराठीत आपण 'कार्यकाळ' म्हणतो आणि परत इंग्रजीत जाताना फसतो. टर्मसाठी 'मुदत' वापरली तर फरक टिकतो. 'स्टिंट' हा कामाचा छोटा, बहुधा मर्यादित टप्पा. तीस वर्षांच्या नोकरीला स्टिंट म्हणू नये. 'स्पेल' हवेला शोभतो, 'अ ड्राय स्पेल', आणि गोलंदाजाला. 'इंटरव्हल' म्हणजे दोन गोष्टींमधलं अंतर, म्हणून 'ॲट टेन-मिनिट इंटरव्हल्स' म्हणजे दर दहा मिनिटांनी, दहा मिनिटं नव्हे. 'टाइम पीरियड' दिसला की मी 'टाइम' खोडतो.

'मोमेंट'ला आज माप नाही, पण मध्ययुगात होतं: तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे दीड मिनिट. 'मिनिट' आणि 'सेकंद' लॅटिनमधल्या 'पहिला बारीक भाग' आणि 'दुसरा बारीक भाग' यांवरून आले. सेकंदाची आजची व्याख्या 1967 ची, सीझियम-133 अणूच्या 9,19,26,31,770 कंपनांची. 'शेक' नावाचं एककही आहे, दहा नॅनोसेकंदांचं. ते पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांनी वापरात आणलं. कोकराने दोनदा शेपूट हलवण्याइतक्या वेळात, असा इंग्रजी वाक्प्रचार आहे, त्यातलं हे शेक.

दुसऱ्या टोकाला इऑन, एरा, पीरियड, एपक, एज. रोजच्या इंग्रजीत हे सगळे 'युग' या एकाच अर्थाने फिरतात, भूशास्त्रात मात्र उतरत्या भाजणीने लागतात आणि क्रम मोडलेला चालत नाही. आपण सध्या फॅनरोझोइक इऑन, सेनोझोइक एरा, क्वाटर्नरी पीरियड, होलोसीन एपक आणि मेघालयन एज यांत आहोत. शेवटचं नाव मेघालयातल्या गुहेतल्या लवणस्तंभावरून 2018 मध्ये मान्य झालं आणि ते सुमारे 4,200 वर्षांपूर्वी सुरू झालेलं धरतात. म्हणून 'ज्युरासिक एरा' चूक. ज्युरासिक हा पीरियड, एरा मेसोझोइक. संगणकवाल्यांशी बोलताना 'एपक' जपून वापरा. त्यांच्या लेखी तो कालखंडच नाही, तो एक क्षण आहे: युनिक्स प्रणालीत 1 जानेवारी 1970 ची मध्यरात्र, ग्रिनिचच्या वेळेने, जिथून पुढचे सेकंद मोजतात. मूळ ग्रीक शब्दालाही 'जिथून मोजायचं तो स्थिर बिंदू' असाच अर्थ होता, त्यामुळे या बाबतीत जुना अर्थ त्यांच्याकडे आहे.